काकडं न घालता केलेली भाजी

मुलांना स्वयंपाकात हाताशी घेतलं की ती भाज्या खातात, असं मला कुणीतरी सांगितलं आणि मी ते भलतंच मनावर घेतलं. आमची सई पाच वर्षांची, भाजी दिसली की तोंड फिरवणारी.

डहाणूच्या बाजारात शेवळं आली होती, पावसाळ्याच्या तोंडावर रानात उगवतात ती. विकणारी मावशी म्हणाली, "काकडां पन घे गं बाय, त्याबिगर नाय जमायचा." मला वाटलं, ही आंबट फळं माझ्या गळ्यात मारतेय. आम्ही बदलीने आलेले नगरचे लोक, आम्हाला काय कळणार. मी नको म्हटलं.

शेवळं मी चिरली. लसूण सईने सोलला, मीठ तिने घातलं, कढईही तिनेच ढवळली. ताटं वाढल्यावर मी म्हटलं, "खा आता तुझी भाजी."

"आधी तुम्ही. स्वयंपाक करणारी शेवटी जेवते. तू नाही का जेवत?"

मला भरून आलं. आम्ही दोघांनी चांगले मोठे घास घेतले. दोन मिनिटांत घसा असा खाजायला लागला की हे उठून थेट गुळाच्या डब्याकडे गेले. सईने शांतपणे कढईवर झाकण ठेवलं आणि वरणभात मागितला.

काकडांनी शेवळांची खाज मरते, हे दुसऱ्या दिवशी मावशीने सांगितलं. मग भाजी फक्कड झाली, सईनेही खाल्ली. पण अजून कुठलीही नवी भाजी केली की ती ताट पुढे सरकवते आणि म्हणते, "आधी बाबा."