बी आणि शुक्रवार

...आणि वर ती बाई मलाच विचारते, "मिस्टर लिफ्शिट्झ, तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?" मला! म्हणजे तासभर मी काय भिंतीशी बोलत होतो? अहो, शाळेत मुलांना कॉलेज शोधून द्यायला एक बाई नेमलेली असते, तिचं कामच ते, त्याचा पगार घेते ती... म्हटलं, बाई, परत सांगतो, नीट ऐका. माझी मुलगी, तालिया, ही इथे बसलीये, सतरा वर्षांची. हिच्यासाठी कॉलेज हवंय. कॉलेज असं हवं की तिथे आपली चार माणसं असतील, ज्यू माणसं, शुक्रवारी संध्याकाळी आमचा विश्रामवार सुरू होतो, तेव्हा दिवे लागतील, कुणीतरी हिला जेवायला ये म्हणेल. एवढंच. आणि मार्क? बाईनं चष्म्यावरून बघितलं. म्हटलं, पोरगी चांगली आहे हो... पण बी!

बी. ए नाही, बी. गणितात बी, इतिहासात बी, इंग्रजीत बी, खेळात बी, इतकंच काय, चित्रकलेत सगळ्या वर्गाला ए मिळाला, शिपाई बसला असता तर त्यालाही मिळाला असता, हिला बी! सी कधी नाही, ए कधी नाही. एका रेषेत. अशी सरळ रेषा मला पट्टी घेऊन काढता येणार नाही.

बाईनं कॉम्प्युटरवर टकटक केलं. म्हणाली, "हे बघा, जिथे तुमची माणसं भरपूर आहेत तिथे ए लागतो. आणि जिथे बी चालतो..." आणि थांबली. म्हटलं, "तिथे काय?" तर म्हणते, "तिथे मका छान येतो."

आता तुम्ही म्हणाल, लिफ्शिट्झ, एवढा हट्ट कशाला? पोरगी शिकायला चाललीये, शिकू दे की! मंडळी, तुम्हाला सांगतो. मी स्वतः ज्या कॉलेजात गेलो ना, तिथे अडीच हजार पोरं आणि त्यात ज्यू एक. कोण? मी! वल्हांडण हा आमचा सण, त्यात फुगलेला पाव चालत नाही; ते आठ दिवस खोलीत बसून बेखमीर भाकर आणि शेंगदाण्याचं लोणी खाल्लं. बेखमीर भाकर म्हणजे काय, पुठ्ठाच तो, फक्त पुठ्ठ्याला जरा चव असते. शेजारच्या खोलीतला पोरगा, मनानं सोन्यासारखा, दारातून विचारायचा, "नॉर्मन, आजारी आहेस का रे?" रोज सांगायचो, नाही रे, सण आहे! त्याचा चेहरा असा व्हायचा की याचा सण असा, तर सुतक कसं असेल? पुढच्या वर्षी मी सणच केला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी सण कधी येऊन गेला तेही कळलं नाही. मग पुढे रोशेल भेटली, लग्न झालं, तिच्या आईनं मला ओढून परत सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनाघरात, बसवलं, ती गोष्ट वेगळी. पण मधली ती नऊ वर्षं... जाऊ द्या. सांगायचा मुद्दा काय, की एकट्या माणसाचं सगळं हळूहळू सुटतं, आणि सुटताना आवाजसुद्धा होत नाही. म्हणून हट्ट. कळलं?

बरं, आमच्या टोलेडो गावात लपवायची सोय आहे का काही? शनिवारी प्रार्थना संपली की सगळे चहा-कॉफीला खालच्या हॉलमध्ये. तिथे बार्बरा कोट्लर बशी घेऊन उभीच. "आमच्या जोनाहला तीन ठिकाणांहून बोलावणं आलंय, आता कुणाला नाही म्हणावं तेच कळत नाही बाई! तुमच्या तालियाचं काय?" रोशेलनं माझ्याकडे बघितलं, मी माशाच्या तुकड्याकडे. म्हटलं, बघतोय. पोरगी चांगली आहे हो... पण बी! तर बार्बरानं माझा हात हातात घेतला. हात! जसं काही घरात कुणी गेलंय.

मग मी गेलो धर्मगुरूंकडे, आमच्या रब्बींकडे. हसू नका! हातात बी आहे म्हटल्यावर माणूस रब्बीकडेच जाणार ना? ते म्हणाले, "नॉर्मन, वाळवंटात चाळीस वर्षं भटकलो आपण, तेव्हा कुठे जागा सापडली." म्हटलं, रब्बी, मला एप्रिलपर्यंत सापडायला हवी!

शेवटी गाडी काढली. एक मोठं विद्यापीठ, नाव नाही सांगत, सगळ्यांना ठाऊक आहे. मी पुढे, रोशेल शेजारी, मागे तालिया, आणि तालियाच्या शेजारी... कोण? सासूबाई! मिना, वय वर्षं एक्याऐंशी. म्हणाल्या, "जावईबापू, कॉलेज तुम्ही एकदा निवडलंत स्वतःसाठी, तेवढं पुरे. या वेळी मी येते."

काय विद्यापीठ हो! ज्यू पोरं तीन हजार! त्यांची स्वतःची तीन मजली इमारत, शुक्रवारच्या जेवणाला चारशे पानं, चारशे! वेणीसारखे विणलेले पाव असे डोंगरासारखे रचलेले, गाणी चाललीयेत, पोरं टेबलं बडवतायत, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगतो. मी रोशेलला म्हटलं, बस्स, हीच जागा, मी इथेच राहतो, तुम्ही जा घरी. आणि तालिया? तालिया सहा पोरींच्या मधे बसलेली. एक विचारते, "तू काय घेणार? वैद्यकीय की कायदा?" दुसरी विचारते, "मार्क किती तुला?" हिनं सांगितले. खरे सांगितले, ही पोरगी खोटं बोलतच नाही, तिथेही तिचा बी असेल बहुतेक. तर त्या पोरी म्हणाल्या, "अय्या, छान." आणि वळल्या सुपाकडे. मग सूप संपेपर्यंत हिच्याशी कुणी बोललं नाही. वाईट नव्हत्या हो पोरी. चारशे माणसांत कुणाकुणाकडे बघणार?

परत येताना गाडीत मी आपला बोलतोय, कोरडेपणा घालवायला, "काय इमारत! काय पाव! आता यांनी हिला घ्यायला हवं. पोरगी चांगली आहे... पण..."

मागून आवाज आला. "बाबा."

"काय गं?"

"तू दर वेळी 'चांगली आहे' म्हणतोस आणि मग 'पण' म्हणतोस. बाईंसमोर म्हणालास, बार्बरा मावशीसमोर म्हणालास. मला 'चांगली' ऐकूच येत नाही रे आता. फक्त 'पण' ऐकू येतो."

पुढे चाळीस मैल सरळ रस्ता, मी एकदाही वळलो नाही तरी स्टिअरिंग घट्ट धरून बसलो होतो. सासूबाईंनी फक्त खोकल्याची गोळी पुढे केली. मला. मला खोकला नव्हता.

तर ते झालं. मग आलं वेदरली कॉलेज. इंडियानात, मक्याच्या शेतांच्या मधोमध, टोलेडोहून दोन तास दहा मिनिटं. त्या बाईच्या यादीतलं शेवटचं. कागदावर लिहिलेलं, ज्यू विद्यार्थी: अकरा. मी म्हटलं, अकरा तर अकरा, बघून तर येऊ. शुक्रवारी दुपारी पोचलो. ज्यू विद्यार्थी मंडळाचं ऑफिस कुठे? म्हणे, चर्चच्या तळघरात, टेबलटेनिसच्या टेबलामागे. गेलो. ऑफिस म्हणजे कपाट! आणि कपाटासमोर एक लांबुडका, काटकुळा पोरगा, एझ्रा मँडेल. अध्यक्ष तोच, चिटणीस तोच, किल्लीही त्याच्याच गळ्यात.

म्हटलं, "बाबा रे, अकरा जण आहात ना?"

म्हणाला, "आठ, काका. दोघं परदेशी गेलेत सहामाहीसाठी. एक जण चुकून 'ज्यू'पुढे खूण करून बसला होता फॉर्मवर, तो लुथरन ख्रिश्चन निघाला. पण चांगला आहे, अजून येतो."

"आणि शुक्रवारी काय करता?"

तर त्यानं कपाट उघडलं. दोन मेणबत्त्या, द्राक्षरसाची बाटली, आणि बेखमीर भाकरीचा एक खोका, त्यावरची तारीख वाचायला मला चष्मा लागला असता आणि मी तो लावला नाही. म्हणाला, "आज पिझ्झा मागवणार होतो."

मी रोशेलच्या कानात म्हटलं, चला. निघू. उजेड आहे तोवर घरी. आणि बघतो तर तालिया जागेवर नाही! कुठे गेली? तर पलीकडे चर्चचं स्वयंपाकघर, तिथे उभी राहून एझ्राला विचारतेय, "बटाटे आहेत का रे इथे?"

बटाटे म्हटल्याबरोबर सासूबाईंच्या अंगात वारं शिरलं. कोट काढला, बाह्या वर. "किसणी बघ पोरा! नाही ती नाही, ती चीजची! कांदा कुठाय? अंडी? जावईबापू, उभे काय राहिलात, दुकान गाठा!" मी पळतोय दुकानात, रोशेल कांदा चिरतेय आणि रडतेय, एझ्रा बटाटे सोलतोय, म्हणजे निम्मा बटाटा सालाबरोबर टोपलीत, आणि तालिया... तुम्हाला सांगतो, तालिया सगळीकडे. टेबलटेनिसच्या टेबलाची जाळी काढली, त्यावर चादर घातली. आठांना निरोप गेले. तो लुथरन आला, तो आपला खोलीतला मित्र घेऊन आला, फुटबॉल खेळणारा, दाराएवढा; त्यानं बटाट्याची सात थालीपिठं खाल्ली आणि विचारलं, "हे दर शुक्रवारी असतं?"

आणि मग जिन्यात एक पोरगी दिसली. बारीक, ओल्या केसांची, येऊ की नको अशी उभी. एझ्रा म्हणाला, ही कोण, मी ओळखत नाही. तालिया गेली वर. काय बोलली ठाऊक नाही. हात धरून खाली घेऊन आली. वायोमिंगची पोरगी, फ्रीडा नाव, दोन वर्षं त्याच कॉलेजात होती, कुठल्या फॉर्मवर 'ज्यू'पुढे कधी खूण केली नव्हती तिनं. म्हणाली, वर पियानो शिकायला आले होते, कांदा तळल्याचा वास आला... आजीच्या घरी यायचा तसा. आणि लागली रडायला. सासूबाईंनी तिच्या पानात तीन वाढली. म्हणाल्या, "आधी खा. रडायला काय, मीठ कमी पडलं तर कामाला येईल."

दिवे लावले. तालियानं लावले. पंधरा माणसं तळघरात, बाहेर अजून संधिप्रकाश, मक्यावरून वारा येतोय. मी आपला जाळी हातात घेऊन कोपऱ्यात उभा. जाळी कुठे ठेवायची ते मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता ऐका गंमत. मे महिन्यात त्या मोठ्या विद्यापीठाचं पत्र आलं. घेतलं! हो, घेतलं, प्रतीक्षायादीतून वर आली! मी पत्र घेऊन अंगणात धावलो, शेजाऱ्याच्या कुत्र्याला सांगितलं. तीन हजार! तीन मजले! बार्बरा कोट्लरला मी फोनसुद्धा लावला होता, वाजत होता तिकडे, आणि तालिया आली, तिनं हळूच फोन बंद केला.

"बाबा, मी वेदरलीला जाते."

"अगं वेडी का काय? तिथे कपाट आहे, कपाट! इथे चारशे माणसं जेवायला!"

"तेच ना. त्या चारशेंत मी एका शुक्रवारी नाही गेले तर कुणाला कळेल? आणि तिथे नाही गेले तर बटाटे कोण किसणार? एझ्रा?"

"आणि तू एकटी पडलीस तर?"

"बाबा, एकटा तू पडला होतास," ती म्हणाली. रागानं नाही. पाठीवर हात ठेवून. "तुला कुणी स्वयंपाकघर दाखवलं नव्हतं."

रोशेल आत निघून गेली. मी पत्राची घडी घातली. बरोब्बर मधोमध घातली. मग म्हटलं, पोरगी चांगली आहे. आणि थांबलो. पुढचं जिभेवर आलं होतं, गिळलं. मंडळी, सतरा वर्षांची सवय आहे, सोपं नाही.

तर गेली. ऑक्टोबरात फोन. "बाबा, आम्ही नऊ झालो!" म्हटलं, वा! म्हणाली, "वा काय? शनिवारी सकाळी पोथी उघडून वाचायला दहा ज्यू लागतात. जुने काही पास होऊन गेले, आता मी, फ्रीडा, सगळे मोजून नऊ. आपल्यात बायाही मोजतात तरी नऊ. येतोस?" असा कसा नाही म्हणणार? माझं दिव्यांचं दुकान आहे, शनिवारी बंदच असतं. पहाटे उठलो, दोन तास दहा मिनिटं गाडी हाकली, दहावा झालो. पुढच्या शनिवारी परत. त्याच्या पुढच्या परत. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पोरांच्यात बसून गातोय! फुटबॉलवाला मला "नॉर्म" म्हणतो, पाठीवर थाप मारतो, दोन दिवस खांदा हलत नाही. कॉलेजनं नवं माहितीपत्रक काढलं, त्यात ज्यू विद्यार्थ्यांचा फोटो, पहिल्या रांगेत टक्कल कुणाचं? ओळखा!

थकलो हो. गुडघे बोलायला लागले. आणि मागच्या आठवड्यात, शुक्रवारी, फोन आला, "बाबा, दहावा मिळाला! नवीन मुलगा, सायमन, पहिल्या वर्षाचा!" मी म्हटलं, देवा, पावलास! पाय सैल सोडले, खुर्चीत मागे टेकलो, फोन कानाला तसाच, रोशेलला सांगितलं, उद्या मी दहापर्यंत झोपणार, मला कुणी उठवू नका.

"झोपतोस कुठला?" तालिया म्हणाली. "त्याची आई त्याला दर शुक्रवारी घरी बोलावून घेते. टोलेडोतच राहतात, तुझ्या दुकानाच्या मागची गल्ली. शनिवारी सकाळी सहाला तयार राहील तो... येताना घेऊन ये."