न्यूटनला पाठ लावायची नाही

मंडळी, ऐका! पूर्वरंग झाला, आता एकच विचारतो — थोर माणसाला मानायचं म्हणजे काय करायचं? त्याला जपायचं, की त्याचं ऐकायचं? घाई नको. पेटीवाले, तुम्हीही ऐका, सूर पळत नाहीत!

मिरजेत एक पेंडसे मास्तर. छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. नास्तिक — पण कडक सोवळ्यातले नास्तिक! बायको मनोरमाबाई देवापुढे पाय पसरायला बिचकल्या, की म्हणायचे, "पसर की. काय होतंय ते बघ. प्रयोग करावा माणसानं."

आणि एक दिवस सुनेनं पुण्याहून चार उशा पाठवल्या. सोफ्यावर मांडायच्या, शोभेच्या. त्यांवर चित्रं — न्यूटन, गॅलिलिओ, मेरी क्युरी, जगदीशचंद्र बोस! झालं! मास्तरांचं फर्मान सुटलं, कुणी टेकायचं नाही. जावयाचा पाय गॅलिलिओला लागला, तर त्याला नमस्कार करायला लावला! हसताय? तुमच्या रिमोटचं प्लॅस्टिक काढलंत का अजून?

इकडे मनोरमाबाईंची कंबर धरली. उठता-बसता डोळ्यांत पाणी. डॉक्टर म्हणाले, पाठीला मऊ आधार घ्या, नाहीतर अंथरूण धराल. माउली घरी आली, सोफ्याकडे पाहिलं — चार उशा, आणि टेकायला एक नाही!

"एक घेऊ का हो?"

"न्यूटनला पाठ लावायची? अगं, केवढा माणूस."

"मग क्युरीबाई द्या. बाईमाणूस आहे, समजून घेईल."

"नाही म्हणजे नाही."

बाई गप्प झाल्या. बायको गप्प झाली की काय समजावं? — बघा, पुढचे सगळे पुरुष खाली बघतायत!

मग हळूच म्हणाल्या, "टेकले तर पाप लागेल?"

आता आली पंचाईत! नास्तिक 'हो' म्हणणार कसा? "पाप नाही गं, पण..."

"मग काय होतंय ते बघू की. प्रयोग करावा माणसानं."

न्यूटन उचलला, कमरेमागे सारला, टेकल्या. "आई गं," म्हणाल्या, "किती दिवसांनी बरं वाटलं."

मास्तर तो निवलेला चेहरा बघत राहिले. लाजले. मग उठले, गॅलिलिओ आणून दिला. "हा मानेला घे."

हसलात ना पोटभर? मग आता इकडे बघा. मी तासभर उभा. कीर्तनकार टेकतो कधी? तरी मंडळानं माझ्यामागे हा मखमली तक्क्या मांडलाय — मानाचा! आणि त्या खांबाजवळच्या आजी मघापासून कंबर दाबतायत. कुणी उठतंय का, बघतो. तोवर टाळ खाली!