खिडकीखालचा चढ

वडिलांच्या लॉकरमधला गणवेश आणि चष्मा पिशवीत भरून ती बस डेपोतल्या बाकावर बसली होती. फक्त साहेबांची सही राहिली होती. शेजारी दोन ड्रायव्हर चहा पीत होते, एक म्हातारा आणि एक नवा.

"काका, ती बारा नंबरची डिझेल-बॅटरीवाली गाडी भारी हट्टी आहे. उतारावर बॅटरी गच्च भरून घेते, पण सपाटीला जरा म्हणून वापरत नाही. इंजिनावरच पळते."

"आणि चढ आला की?"

"इंजिन बंद! अख्खा चढ बॅटरीवर. मांजरासारखी जाते."

"ते आपल्या ड्रायव्हर मास्तरांचं चालवणं. इंजिनिअर दोन महिने त्यांच्या मागे बसून टिपत होते, तेच कॉम्प्युटरात भरलंय."

"परवा गेले ते? पण चढावरच का?"

"तिथं त्यांचं घर. रस्त्याकडच्या खिडकीत पोरगी अभ्यासाला बसायची. चढावर इंजिन केवढं बोंबलतं!"

"अजून शिकतेय?"

"छे! परगावी नोकरीला लागून दहा वर्षं झाली. मी चिडवायचो, मास्तर, आता कुणाची परीक्षा? म्हणायचे, खिडकी आहे ना अजून."

"आज दुपारी नवा प्रोग्राम टाकणार आहेत. सगळ्या गाड्या सारख्या."

"म्हणजे बारा नंबरची अशी ही शेवटची फेरी. चल, वेळ झाली."

पिशवी छातीशी धरून ती उठली. सही राहिली ती राहिलीच.

"काका, मी येऊ या गाडीनं?"

"या की ताई. कुठं उतरणार?"

"उतरायचं नाही. चढ संपेपर्यंत खिडकीजवळ बसायचंय."