बारा कंपन्यांचं एकच ॲप

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बहीण-भाऊ बसले होते.

“ताई, माझं नोकरभरतीचं ॲप तुझ्या कंपनीसकट बारा कंपन्या वापरतात ना, त्यात घोळ झालाय.”

“कसला?”

“चाचणीसाठी सगळ्या कंपन्यांकडे आलेले अर्ज सगळ्यांना दिसतील असं ठेवलं होतं. ते बंद करायचं राहिलं.”

“अरे देवा! लॉगिन एकदम सुरक्षित आहे म्हणत होतास!”

“आहेच की. पासवर्ड आहे, ओटीपी आहे. फक्त आत गेल्यावर कंपन्यांच्या मधे भिंत नाही.”

“म्हणजे मी दुसऱ्या कंपनीत गुपचूप केलेला अर्ज…”

“सकाळीच तुझ्या साहेबांनी वाचला. मला फोन करून विचारलं, हा खरा आहे का.”

“मेले मी! ॲप बिघडलंय म्हणून सांगितलंस ना?”

“असं कसं सांगेन? म्हटलं, आमच्या ॲपमधली माहिती कधी चुकत नाही.”