फारसं दुखणार नाही

ताई : हे वाक्य मी कधी म्हटलं होतं?

धाकटा : कोणतं?

ताई : 'आपली सेवा आजपासून थांबवण्यात येत आहे.' मी दातांच्या डॉक्टरसाठी आवाज दिला होता. 'उद्या सकाळी आपली वेळ आहे, ब्रश करून या.' ऐन उन्हाळ्यात कपाटात बसून, अंगावर दोन रजया घेऊन.

धाकटा : रजया आवाज घुमू नये म्हणून होत्या.

ताई : कशासाठी होत्या ते माहितीये मला. हे वाक्य कुठून आलं ते सांग.

धाकटा : तू नाही म्हटलंस. यंत्राने तुझा आवाज शिकून घेतलाय. आता ते तुझ्या आवाजात काहीही म्हणू शकतं. तेच तर विकतोय आपण.

ताई : आणि डॉक्टर?

धाकटा : दवाखाना बंद केला त्यांनी. लोक म्हणे दाढ दुखली तर दुसऱ्या बाजूने चावतात आता.

ताई : मग हे कोणासाठी?

धाकटा : एक एजन्सी आहे. कंपन्यांची माणसं कमी करून देते. म्हणजे कोणाला काढायचं ते कंपनी ठरवते, सांगायचं काम आपल्याकडे. साहेबलोकांना स्वतः सांगताना वाईट वाटतं ना.

ताई : आणि मला?

धाकटा : तू कुठे सांगतेस? तू तर इथे बसलीयेस.

ताई : वा, उद्योगपती! आणि हे तू नवउद्योग निधीला दाखवणार? रोजगार वाढावा म्हणून ज्यांनी निधी काढलाय, त्यांना?

धाकटा : निधीच्या मॅडम म्हणाल्या, पैसे देणारं एक तरी गिऱ्हाईक दाखवा, दुसरा हप्ता सोडते. आज समितीची बैठक आहे. मी सगळीकडे फिरलो, ताई. शाळा, टॅक्सीवाले, अगदी स्मशानसुद्धा. सगळे म्हणतात, बाजार जरा सावरू दे.

ताई : स्मशानवालेही?

धाकटा : ते म्हणाले, आमच्याकडे कोणाला आठवण करून द्यावी लागत नाही.

ताई : आणि पेपरात तर रोज येतंय, बाजार सावरतोय म्हणून.

धाकटा : सावरतोयच. माणसं काढली की कंपनी सावरते. कंपन्या सावरल्या की बाजार. आपण बरोबर मधे बसलोय.

ताई : आणि हप्ता नाही मिळाला तर?

धाकटा : ही खोली जाईल. खालचा झेरॉक्सवाला सकाळी मापं घेऊन गेला. मी टेबलाला टेकून उभा होतो, तर मलाही धरून मोजलं. आणि बाबांच्या पगारातून अजून किती दिवस भाडं काढायचं? कालच म्हणाले, तुझं जमेपर्यंत देतो. असं म्हणाले की मला जेवणच गेलं नाही.

ताई : मला तर रोज विचारतात. कुठल्या कंपनीचा फोन आला का गं? मी फोन हातात घेतला तरी डोळे माझ्याकडे.

धाकटा : म्हणून म्हणतो, एकच नमुना पाठवायचाय. एक कॉल. चांगलासा. तू निवड, आवाज तुझा आहे.

ताई : लाव.

यंत्र, ताईच्या आवाजात : ...काळजी करू नका, फारसं दुखणार नाही. समजलं असल्यास 'समजलं' म्हणा.

एक माणूस : तुझ्या बापाला जाऊन सांग!

यंत्र : माफ करा, आपलं उत्तर कळलं नाही. समजलं असल्यास 'समजलं' म्हणा.

एक माणूस : बाई आहेस का मशीन?

यंत्र : माफ करा, आपलं उत्तर कळलं नाही.

ताई : बंद कर! ते 'फारसं दुखणार नाही'... ते मी खरंच म्हटलं होतं. दाढ काढायचं वाक्य आहे ते!

धाकटा : फार छान म्हटलंयस. टाकून द्यायला जीव होईना.

ताई : आणि हा माणूस शेवटी काय म्हणाला?

धाकटा : 'समजलं.' सातव्यांदा. सगळेच म्हणतात शेवटी.

ताई : जरा शांत कोणी नाही का यांच्यात?

धाकटा : आहे ना. यंत्र स्वतःच शांतपणाचे गुण देतं. हा बघ, सकाळचा कॉल, शंभरपैकी शंभर. मीही ऐकला नाहीये अजून.

ताई : कोण आहे हा?

धाकटा : नावं देत नाही एजन्सी. कंपनीचंही नाही. नुसते नंबर, तेही अर्धे झाकलेले. ऐक.

यंत्र : नमस्कार. मी मनुष्यबळ विभागातून बोलतेय. आपल्याला आत्ता वेळ आहे का?

एक आवाज : हॅलो? कोण... अगं, तू?

यंत्र : धन्यवाद. आपली सेवा आजपासून थांबवण्यात येत आहे. हातातलं काम ठेवून गेटवर ओळखपत्र जमा करावं. काळजी करू नका, फारसं दुखणार नाही.

तो आवाज : नाही... नाही दुखत.

यंत्र : समजलं असल्यास 'समजलं' म्हणा.

तो आवाज : समजलं, मॅडम.

यंत्र : धन्यवाद. आपला दिवस चांगला जावो.

तो आवाज : तुमचाही, मॅडम.

ताई : पुन्हा लाव.

धाकटा : नको.

ताई : बाबा आहेत.

धाकटा : बाबा तुला मॅडम कशाला म्हणतील?

ताई : बाबा आहेत रे.

धाकटा : शपथ, मला माहीत नव्हतं. बाबांचाच पंख्यांचा कारखाना आहे असं कोणीच नाही सांगितलं...

(ताईचा फोन वाजतो.)

धाकटा : उचल. स्पीकरवर ठेव.

बाबा : हॅलो. एकटी आहेस ना? जवळ कोणी साहेब वगैरे?

ताई : नाही. बाबा, तो मघाचा फोन...

बाबा : काही बोलू नकोस. मला कळलं. मी ओळख दाखवली नाही बघ. पहिल्यांदा 'अगं' निघून गेलं तोंडातून, पण लगेच सावरलं. हे लोक वरून ऐकत असतात म्हणे. ओळखीचं निघालं तर तुझी नोकरी जायची.

ताई : माझी नोकरी...

बाबा : घरी बोललीही नाहीस! पक्की होईपर्यंत सांगायचं नसेल. शहाणी आहेस. आणि आवाज काय खणखणीत लागला होता. माझ्या शेजारच्या मशीनवाल्यालाही तुझाच आला फोन. शिव्या देत होता. त्याला म्हटलं, पोर नोकरी करतेय, तिला कशाला बोलतोस?

ताई : तुम्ही कुठे आहात?

बाबा : गेटवर. ओळखपत्रं घेतायत, रांग आहे मोठी. एवढ्या सगळ्यांना तूच केलेस वाटतं फोन. घसा बसेल गं. मधूनमधून पाणी पीत जा.

ताई : पिते.

बाबा : आणि धाकट्याला माझं आज सांगू नकोस. त्याचं निधीचं काहीतरी आहे ना आज? होऊन जाऊ दे.

ताई : बरं.

बाबा : पण तुझी पक्की होईल ना?

ताई : एक मिनिट हं, बाबा... (फोनचा आवाज बंद करून) ए, निधीच्या मॅडमना नमुना पाठव.

धाकटा : पाठवतो. तो शिव्यांचा.

ताई : नाही. शंभर गुणांचा.

धाकटा : ताई, बाबांचा?

ताई : भाडं आता कोण देणारे? पाठव.

(धाकटा बटण दाबतो.)

ताई : पाठवलास?

धाकटा : गेला.

ताई : हॅलो, बाबा. हो. होईल पक्की.

बाबा : चला, बरं झालं. आला वाटतं माझा नंबर. ठेवतो मग, मॅडम.