सर्व्हरला टाइम कोण सांगतं?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या मंडळाचे अधीक्षक अभियंता साहेब. व्यासपीठावरचे कार्यकारी अभियंता साहेब आणि संघटनेचे पदाधिकारी. तेहतीस वर्षं ऑपरेटर म्हणून विजेचं उपकेंद्र सांभाळून आज निवृत्त होणारे आपले सत्कारमूर्ती शेषरावकाका. त्यांच्या शेजारी बसलेल्या मालनकाकू. काकांच्या पुसेगावाहून आलेली मंडळी आणि माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो, सर्वांना जयभीम आणि नमस्कार.

मी अपर्णा, उपकेंद्राच्या संगणक विभागातली सहायक अभियंता. मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. ते गोड असावेत, अशी सूचनाही सकाळी आली. सूचना पोचली.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये, सकाळी, लाईनमन मुंजाजी डीपीच्या खांबावर चढले होते. काकांनी उपकेंद्रातून लाईन बंद केली आणि फोनवर कामाची परवानगी दिली. पाच मिनिटांत मुंजाजींना शॉक बसला. उजवा हात कोपरापासून काढावा लागला. मुंजाजी आज तिसऱ्या रांगेत बसलेत. अध्यक्षसाहेब, आल्यापासून आपण त्या रांगेकडं पाहिलेलं नाही.

चौकशी बसली. फोनची नोंद सांगत होती, परवानगी दहा त्रेचाळीसला दिली. उपकेंद्रातली प्रत्येक बंद-चालू टिपणाऱ्या सर्व्हरची नोंद सांगत होती, लाईन दहा एकावन्नला बंद झाली. म्हणजे चालू लाईनवर माणूस चढवला! काका समितीपुढं हात जोडून सांगत होते, "साहेब, मी आधी बंद केली, मंग फोन लावला. भिंतीवरचं घड्याळ पाहून लिवलंय बराबर." पण ऑपरेटरच्या भिंतीवरच्या घड्याळाला कोण विचारतो? समितीला 'सर्व्हरची वेळ अचूक आहे' असं प्रमाणपत्र हवं होतं. ते मिळालं. कुणी दिलं? मी दिलं. वेळ जुळवणारी सेवा पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'चालू' दिसत होती. तेवढं पाहिलं आणि सही ठोकली.

काका निलंबित झाले. मुंजाजींची आई, जनकाबाई, काकांच्याच गल्लीत राहतात. त्या काकांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "काहून चालू ठेवली लाईन तुमी? माझ्या लेकराचा हात गेला न्हाई का!" काकांनी उत्तर दिलं नाही. मालनकाकू सांगतात, त्यानंतर ते नळावरसुद्धा जाईनात.

निलंबनाच्या सातव्या महिन्यात ते कार्यालयात कागद द्यायला आले आणि माझ्या टेबलासमोर थांबले. "मॅडम, एक विचारू? तुमच्या सर्व्हरला टाइम कोण सांगतं?"

मी म्हणाले, "आपोआप येतो."

"व्हय, पण आपोआप कुठून?"

मला राग आला. आज लाज वाटते, पण तेव्हा रागच आला. ते गेल्यावर मी सर्व्हरच्या खोलीत गेले. आपला सर्व्हर सुरक्षेसाठी इंटरनेटपासून तोडलेला आहे, हे आपण जाणताच. मोबाईलही आत नेता येत नाही. मी मनगटावरच्या घड्याळाशी वेळ ताडून पाहिली. सर्व्हर तेरा मिनिटांहून जास्त पुढं होता!

सेवा बंद करून पुन्हा चालू केली. फरक तसाच. मग सेटिंग उघडलं. मुख्य सर्व्हर वेळ विचारत होता राखीव सर्व्हरला, आणि राखीव विचारत होता मुख्यला. दोघांचं एकमत होतं, म्हणून पडदा हिरवा. खरी वेळ येते गच्चीवरच्या अँटेनातून, उपग्रहाकडून. मी गच्चीवर चढले. अँटेनाची वायर वॉटरप्रूफिंगच्या डांबराखाली गेली होती. नखांनी डांबर खरवडलं, तेव्हा कापलेलं टोक हातात आलं. ते काम झालं होतं अपघाताच्या चौदा महिने आधी. सर्व्हर तेव्हापासून रोज सव्वा सेकंद पुढं पळत होता. उलटा हिशेब केला. अपघाताच्या दिवशी फरक नऊ मिनिटांचा. दहा एकावन्नमधून नऊ वजा करा, साहेब. दहा बेचाळीस. काकांच्या रजिस्टरात हेच लिहिलं होतं.

आणि त्याच रजिस्टरात, अपघाताच्या आधी, काकांनी तीनदा लिहिलं होतं: 'संगणकाची वेळ पुढे आहे, कृपया दुरुस्त करावी.' तिन्ही ठिकाणी शेरा 'पाहिले'. दोन सह्या वरिष्ठांच्या. तिसरी माझी. काय पाहिलं आम्ही?

मग वीज आली कुठून? लाईन गेल्यावर एका मंगल कार्यालयानं लावलेल्या जनरेटरमधून, उलटी, तारेत. तारेला जमिनीशी जोडायचा अर्थिंग रॉड मुंजाजींकडं नव्हता. तीन वर्षांपासून मागणी पडून होती. यातलं काहीच समितीनं तपासलं नाही. माणूस सापडला होता, पुढं कशाला शोधायचं?

हे सांगायला मी काकांबरोबर जनकाबाईंच्या घरी गेले. त्या काकांना म्हणाल्या, "मी दारात येऊन बोलले तवा तुमी काहून गप बसले?"

काका म्हणाले, "तुमचं दुःख खरं व्हतं, बाई."

माझ्या अहवालानंतर काका कामावर परतले. पण आदेशात शब्द काय आहेत? 'संशयाचा फायदा देऊन.' कसला संशय, साहेब? कुणाला फायदा? आणि आज जे मानपत्र मी वाचायचं ठरलंय, त्यात लिहिलंय, 'निष्कलंक सेवा'. दोन्ही कागदांवर सही एकच आहे, कार्यकारी अभियंता साहेबांची. दोन्ही कागद खरे असू शकत नाहीत. मी मानपत्र वाचणार नाही. अध्यक्षसाहेब, आदेशात 'निर्दोष' हा शब्द घाला, मी पुसेगावात काकांच्या अंगणात येऊन ते वाचीन. माझ्या खोट्या प्रमाणपत्राबद्दल माझ्यावर कारवाई व्हावी, असा अर्ज आपल्यापुढं ठेवलाय. पाण्याच्या ग्लासाखाली आहे. कृपया 'पाहिले' लिहू नका. वाचा.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव, कुणाचं पद चुकलं असेल तर सांभाळून घ्यावं. जे बोलले, त्याची मात्र मी माफी मागत नाही. ती मला एकाच माणसाची मागायची आहे.

शेषरावकाका, माझं चुकलं.