राबाचा काळा पट्टा

भामाबाई : पगार बिल्डर देणार आन् तुमी खरं लिवनार? मला येडी समजता व्हय, बाई?

प्रेरणा : पगार त्याचा आहे, मावशी. पण खोदताना जुनं काही निघालं तर पुरातत्त्वाची अभ्यासक म्हणून मी त्याची नोंद करायची, ही परवानगीतलीच अट आहे.

भामाबाई : आन् निघालं तर?

प्रेरणा : तेवढी जागा सोडून बांधायचं.

भामाबाई : मंग सरकारी बोर्ड लागनार, तार लागनार. आज हितं, उद्या खाली माझ्या भाताच्या खाचरात. त्ये काय न्हाई. ह्यो दगडी पाट माझ्या सासऱ्यानं बांदलाय.

प्रेरणा : कधी बांधला?

भामाबाई : माझं लगीन व्हायच्या आदी.

प्रेरणा : मघाशी लग्नानंतर म्हणालात.

भामाबाई : तुमी पोलिसात हाय का?

अतुल : मॅडम, मावशी सकाळी माझ्या मोबाइलवर पण हेच बोलल्यात. व्हिडिओ ऑफिसला पाठवला मी. साइट सुपरवायझर म्हणून माझं काम झालं. तुम्ही फॉर्मवर ‘अलीकडचं बांधकाम’ लिहा, जेवणानंतर जेसीबी लावतो.

भामाबाई : जेसीबी कशाला?

अतुल : पाट उचलायला. इथं स्विमिंग पूल येतोय.

भामाबाई : आन् पानी?

अतुल : कसलं पाणी?

भामाबाई : आरं, पाटाचं तोंड माझ्या बांधाला उघडतंय! त्याच्याच पाण्यावर माझं खाचर हाय. सकाळी इचारलंस तवा ह्ये का न्हाई बोललास?

अतुल : मला काय स्वप्न पडलं होतं? तुम्हीच म्हणालात, घरचं काम आहे. येतो मी जेवून.

(अतुल जातो.)

भामाबाई : चहा पाजून गोड बोलून घेतलं मेल्यानं. आन् तुमी गप उभ्या! तुमी बी त्याच्यातल्याच.

प्रेरणा : बरं, त्याच्यातलीच समजा. पण खड्ड्यात वाकून हा काळा पट्टा बघा. पाटावरच्या फरश्यांवरून सलग गेलाय. वणव्याची राख असेल का?

(भामाबाई वाकते, राख चिमटीत चोळते आणि झटकन हात मागे घेते.)

प्रेरणा : काय झालं?

भामाबाई : तुमी मला बोलतं करताय.

प्रेरणा : करतेय. तुम्ही सकाळपासून काहीतरी लपवताय, असं वाटतंय मला.

भामाबाई : वणवा काय एवढ्याशा तुकड्यात जळतो? राब हाय ह्यो. शेण, पालापाचोळा पसरून भाजायचा, मंग त्याच जागी भाताचं रोप टाकायचं. आमी आजून करतो.

प्रेरणा : म्हणजे हा तुमचाच?

भामाबाई : न्हाई. आमचा खाली, बांधाच्या अंगाला. हितं कुनी राब भाजल्याचं सासऱ्याच्या तोंडून बी ऐकलं न्हाई.

प्रेरणा : या राखेतच हे खापर मिळालं. पाच-सहाशे वर्षांपूर्वीचं असावं. पाट नंतर खोदला असता तर वरचा पट्टा तुटला असता.

भामाबाई : कुटंच तुटल्याला न्हाई.

प्रेरणा : नाही.

भामाबाई : म्हंजे मी खोटं बोलतीय, ह्ये तुमाला ठावं हुतं.

प्रेरणा : पाट जुना आहे एवढं कळलं होतं. इथं भातशेती होती, हे तुम्ही आत्ता सांगितलंत. पण ऑफिसात तुमचा व्हिडिओ गेलाय. माझ्या एकटीच्या शब्दावर मशीन थांबायचं नाही.

भामाबाई : खरं सांगितलं तर माझं खाचर ऱ्हाईल?

प्रेरणा : राहील असं वाटतं. लिहून देऊ शकत नाही.

भामाबाई : सकाळधरनं ह्ये पैलं खरं बोललात बघा. भ्या वाटतंय मला, बाई. पन पानी तुटलं तर खाचर गेलंच की. लिवा.

प्रेरणा : तुमच्या नावानं लिहू?

भामाबाई : माझ्याच. आदी खोटं बोलली, त्ये बी घाला. त्यो व्हिडिओ दावंल तवा तुमच्या कागदावर आदीच आसू द्या.

प्रेरणा : आणि मघाशी लिहून घेतलेलं सासऱ्यांचं नाव खोडू?

भामाबाई : खोडू नका. पाटाच्या तोंडाचा गाळ काढायचा त्यो, दर साल, मरस्तवर. त्येवढंच लिवा.